घरमालकाशी नातं

प्रिय विनीत,

चामटोलीहून हेंद्रेपाड्याला कोणी पत्र लिहीत नाही. दिवसाआड आमची रिक्षा तुझ्या इमारतीखालून जाते. तरी लिहितो आहे.

तुझ्या आईचं डायलिसिस चालू आहे. जाताना ती बरी असते. येताना वाटेत रिक्षा थांबवावी लागते. ती रस्त्याच्या कडेला बसते, मी पाण्याची बाटली धरून उभा राहतो. सेंटर हेंद्रेपाड्याच्या आपल्या घरापासून चालत जाण्याएवढं जवळ आहे. इमारत आली की ती वर बघते. रुचिकाने पडदे बदलले हे मला तिच्याकडून कळलं. डॉक्टर म्हणतात, हा प्रवास बंद करा, नाहीतर अवघड होईल. थंडीत मी तुझ्याकडे आतली खोली मागितली होती. तू म्हणालास, तिथे रुचिकाचं ऑफिस आहे, मार्चनंतर बघू. मार्च जाऊन बरेच दिवस झाले.

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा जे मिळालं ते मी त्या घरात घातलं. तुझं रुचिकाशी लग्न झालं आणि आम्ही थोड्या दिवसांसाठी इथे बुधाजीकाकाच्या मागच्या खोल्यांत आलो. ते थोडे दिवस अजून चालू आहेत. मग करात सूट मिळावी म्हणून तू कागदावर माझा भाडेकरू झालास. महिन्याच्या सुरुवातीला भाडं यायचं, संध्याकाळपर्यंत मी ते तुला परत पाठवायचो. मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बँकेच्या त्या मेसेजची सवय लागली. मोबाइलवर तुझं नाव दिसायचं. आई आतून विचारायची, विनीतचा आला का. मी हो म्हणायचो. तिला वाटायचं, फोन आला.

यंदा कायदे बदलले. तू फोन करून मला ते नीट समजावलंस. इतका वेळ तू माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हतास. नव्या कामगार कायद्याने कंपनीला पगाराची मांडणी बदलावी लागली, पीएफ जास्त कापला जाऊ लागला, हातात कमी येऊ लागलं. प्राप्तिकराचा कायदाही नवा आला. आता घरभाड्यावर सूट हवी असेल तर घरमालक तुमचा कोण लागतो हे लिहून द्यावं लागतं. मला सगळं समजलं. आईचं विचारायचं तेवढं तुझ्याकडून राहिलं. घाईत असशील.

कागद घेऊन तू स्वतः येशील असं तिला वाटलं होतं. तिने वालाचं बिरडं केलं होतं. आला तुझा मित्र तुषार. बिरडं त्याने खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. चांगला मुलगा आहे. जेवण झाल्यावर त्याने कागद पुढे केले आणि सही करायच्या आधी मी तो रकाना वाचला. घरमालकाशी नातं: काही नाही. अक्षर तुझं होतं.

तुषार ओशाळला. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये तुमचा जो करसल्लागार बसतो त्याने तसं सांगितलं म्हणाला. “बाप लिखा तो दस सवाल आएंगे. कुछ नहीं लिखा तो एक भी नहीं.” मग मला बरं वाटावं म्हणून हसला. “काका, फॉर्मपुरतंच आहे ओ. सगळेच लिहितात.” बापाला भाडं देणं गुन्हा नाही, फक्त ते खरोखर द्यावं लागतं, हे मी त्याला म्हणालो नाही. तो पोराचा दोष नव्हता. तुझ्या आईने भांडी आवरता आवरता विचारलं, काय लिहिलंय त्यात. मी म्हणालो, पत्ता.

मी सही केली. खोडलं काही नाही. भाड्याच्या करारनाम्याची माझी प्रत तुषार ठेवून गेला. तो गेल्यावर ती पहिल्यांदा नीट वाचली. आजवर तू बोट ठेवशील तिथे सही करत आलो होतो. त्यात लिहिलं आहे की मालकाला जागा स्वतःसाठी हवी असल्यास त्याने भाडेकरूला एक महिन्याची सूचना द्यावी, आणि ती लेखी असावी. तोंडी चालत नाही. म्हणून हे पत्र. मुलगा असतास तर नुसतं येतोय म्हणालो असतो. पुढच्या महिन्यात आम्ही राहायला येत आहोत. तुम्ही त्याआधी जायचं की आतली खोली रिकामी करून राहायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. तुझ्या आईला मी सांगितलं आहे की तूच बोलावलंस. तिने कालपासून सामान बांधायला घेतलं आहे. दार उघडशील तेव्हा तिला ते खरं वाटू दे.

अजूनही तुझाच,
बाबा