चौथ्या बोटाबद्दल

४ फेब्रुवारी

चि. खारूस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र नेहमीप्रमाणे मी सांगतेय आणि तुझी आई लिहितेय. तोंड माझं, हात माझ्या लेकीचा. मला अक्षरं म्हणजे ओळीने चाललेल्या मुंग्या, तेव्हा कागदावर काय उतरतंय ते तिलाच ठाऊक. फोन करू नकोस. फोनवर तू चिलटासारखी ऐकू येतेस आणि मी उगाच हो हो म्हणत बसते.

माझे गुडघे आहेत तिथेच आहेत, पण वापरू देत नाहीत. तुझ्या आईच्या शिकवण्या जोरात चालू आहेत. चार वाजता पहिलं पोर येतं आणि पुढच्या खोलीतल्या त्या जुन्या हार्पला असं ओरबाडतं, की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडतात. तुझ्या वेळीही उडायची. आता तुझं वाजवणं ऐकायला म्हणे लोक विमानाने येतात. येईनात का, कबुतरांना विचारलेलं नाही.

परवा रेडिओवर तुझा कार्यक्रम ऐकला. तुझ्या आईला तो छान वाटला.

जेवत जा. लोभ आहेच, पत्र पाठवून तो ताजा ठेव.
तुझी आजी


१९ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

दौऱ्यावरून आले तर तुझं पत्र दारात वाट बघत होतं. नऊ गावं झाली. सातव्या ठिकाणी हार्प लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चौघांनी ते जिन्याने वर नेलं. मी मागून आजारी माणसाला नेत असल्यासारखी हळू, हळू म्हणत होते. सत्तेचाळीस तारांपैकी दोन कार्यक्रमाच्या तासभर आधी तुटल्या. हे नेहमीचंच.

महाविद्यालयात या वर्षी माझ्याकडे सहा विद्यार्थी आहेत. सगळे माझ्यासारखं कोपर उंच धरून बसतात. वर्गात शिरलं की सहा आरसे मांडल्यासारखं वाटतं.

मोठी बातमी म्हणजे २० मेचा कार्यक्रम ठरला. एरवी हार्प वाद्यवृंदात कुठेतरी मागे कोपऱ्यात असतं. त्या दिवशी नव्वद वादक मागे आणि मी पुढे. पत्रकंसुद्धा छापून झाली.

रेडिओवरचं वादन आईला छान वाटलं हे वाचून बरं वाटलं. तिला नमस्कार सांग.

गुडघ्यांना जप आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
खारू


२ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद, आणि थोडा रागही.

अक्षर बघून दचकू नकोस. आपल्या खालच्या औषधाच्या दुकानातले काका लिहितायत. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून आपलंही अक्षर बिघडलं, असं तेच म्हणाले. तुझी आई वर शिकवणीत आहे.

गेल्या पत्रात मी तुला एक गोष्ट विचारली होती. तू लिफ्टपासून तारांपर्यंत सगळं लिहिलंस, तेवढ्या एका गोष्टीवर चकार शब्द नाही. उलट आईला छान वाटलं म्हणून खूश झालीस. अगं, ती छान म्हणालीच नव्हती! ती रेडिओला कान लावून उभी राहिली आणि म्हणाली, की ही उजव्या हाताचं चौथं बोट, करंगळीच्या शेजारचं, वापरतच नाहीये, त्याचं काम तिसऱ्यावर ढकलतेय. मग ताट तसंच टाकून आत गेली. मी तिला सांगितलं, हे लिही, विचार पोरीला बोटाला काय झालंय. तिने मान डोलावली, पेनही चालवलं. तिने काय लिहिलं ते मला काकांनी तुझं उत्तर वाचून दाखवल्यावर कळलं. एवढं आयुष्य अक्षराशिवाय काढलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा माझाच मला राग आला.

तिने का गाळलं असेल, ते तुलाही ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तू मुलाखतीत सांगितलंस, की पहिल्या शिक्षिकेने हाताला लावलेली चुकीची सवय मोडायला तुला तीन वर्षं लागली. पहिली शिक्षिका कोण ते वाचणाऱ्यांना कुठे माहीत? या घरात माहीत आहे. तिने ते वाक्य मला विजेचं बिल वाचावं तसं वाचून दाखवलं. त्यानंतर तिने तुला स्वतःचं म्हणून एक पत्र लिहिलेलं नाही, आणि तूही तिला फोन केलेला नाहीस. दोघींनी हट्ट माझ्याकडून घेतला. दुसरं काही घ्यायला मिळालं नाही का?

तर सरळ विचारते. बोटाला काय झालंय? उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

खरं लिहिलंस तरच माझी लाडकी.
आजी


११ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

काकांनाही नमस्कार, कारण हे तेच वाचणार.

आईच्या कानांना मी विसरले होते. आठ महिने झाले. तारेला लावलं की चौथं बोट आपोआप तळव्याकडे मिटतं आणि उघडत नाही. भांडं उचलताना, बटण लावताना काही होत नाही. फक्त वाजवताना. दोन डॉक्टरांना दाखवलं. म्हणतात बोट धड आहे, वर्षानुवर्षं एकच हालचाल जोराने करून डोक्यातला हुकूम बिघडलाय. बरं होईलच असं कोणी म्हणत नाही.

मी सगळ्या रचना तीन बोटांवर बसवल्या आहेत. कोणाला कळलेलं नाही, एका आईखेरीज. पण २० मेला एक जागा अशी आहे, की तिथे चार बोटं लागतातच. दोन पानं आहेत. रोज ती वाजवायला बसते आणि रोज तिथे पडते. माघार घेतली तर बातमी फुटेल, आणि बोट बिघडलेल्या वादकाला पुन्हा कोणी बोलवत नाही. मला हे एकच काम येतं, आजी.

आणि मुलाखतीचं. आई हात सैल ठेवायला शिकवायची, खुंटीवरच्या सदऱ्यासारखा. पुढे ज्यांच्याकडे शिकले त्या मोठ्या गुरूंनी कोपर वर घ्यायला लावलं, प्रत्येक स्वरानंतर बोट तळव्यात घट्ट मिटायला लावलं. त्याने आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला लागला. मी बढाई मारायला ते वाक्य बोलले. आता मिटायचं म्हणजे काय ते बोट मला दाखवतंय.

हे पत्र आईला दाखवू नकोस. एवढं ऐकशील या भरवशावर,
तुझी
खारू


२३ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद, या वेळी जरा ओशाळलेले.

काकांनी पत्र वाचून दाखवलं. मी ते उचललं आणि वर नेऊन तुझ्या आईच्या पुढ्यात ठेवलं. दाखवू नकोस ही ओळ नेमकी कुठे होती ते मला सापडलं नाही. वाचता येत नाही ना.

तिला म्हटलं, मोठ्याने वाच. तिने वाचलं. सदऱ्यापाशी थांबली, चष्मा पुसला, पुढे वाचलं. तेवढ्यात चारचं पोर आलं म्हणून उठून गेली आणि त्याचा तास पुरा घेऊन आली. आता इथून पुढे ती स्वतःचं लिहील. मी खिडकीशी बसते. तिने काय लिहिलं ते मी विचारणार नाही.

तुझ्या आजीने पेन माझ्यावर सोपवलं आहे. बोटाचा प्रश्न मीच गाळला. तो विचारला असता, तर मी तुझी चूक पकडायला टपून बसलेय असं तुला वाटलं असतं. आणि खरं सांगायचं तर रेडिओसमोर क्षणभर मला तसा आनंद झालाही होता. क्षणभरच, पण झाला. त्यानंतर ते वाक्य लिहायला हात धजेना.

माझंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या पद्धतीने आवाज लहान निघतो, तो खोलीबाहेर फारसा जात नाही. मीही गेले नाही. पण बोट असं मिटत नाही.

२० मे रद्द कर आणि कारण खरं सांग. मी १० एप्रिलला येते आहे. तोवर हार्पला हात लावू नकोस. उपाय मला ठाऊक आहे असं समजू नकोस. पहिल्या तारेपासून बसायचं, एवढंच मला येतं.

आई


२३ मे

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

एवढे दिवस पत्र नाही, कारण आई मला पेनही धरू देत नव्हती.

कार्यक्रम सोडला, कारणही सांगितलं. आयोजक फार सौजन्याने बोलले आणि एका दिवसात दुसरी वादक शोधली. त्या सौजन्यापेक्षा तो एकच दिवस मनाला जास्त लागला. पुढचे आणखी दोन कार्यक्रम गेले.

आई सकाळी माझ्याशेजारी स्टुलावर बसते. एक तार, एक बोट, हात सैल. पहिल्या आठवड्यात तीन स्वरांनंतर बोट मिटायचं. काल अकरा झाले. मी हरखले, तर आई म्हणाली की आता चहा पी, बारावा उद्या बघू.

ती माझ्या वर्गात मागे बसायची, बोलायची काही नाही. तिसऱ्या दिवशी मला एकटीला म्हणाली, की खिडकीजवळच्या मुलीचं बोट पुढच्या वर्षी मिटेल. सोमवारी मी सहाही जणांना कोपर खाली घ्यायला सांगितलं. का, तेही सांगितलं. एकाने विचारलं, की मग तीन वर्षं आम्ही काय शिकलो. मी म्हटलं, की माझी चूक. तो दुसऱ्या शिक्षकांकडे गेला. पाच राहिले.

२० तारखेला आम्ही दोघी तिकीट काढून श्रोत्यांत बसलो. ती दोन पानं आली तेव्हा आईने माझा हात धरला, उजवाच. माझ्या जागी बसलेली बाई उत्तम वाजवून गेली. नंतर मी आत जाऊन तिचं अभिनंदन केलं. तिने दार लोटलं आणि हळूच विचारलं, की तुमचं बोट पहिल्यांदा मिटलं त्याआधी काय व्हायचं. तिचंही तसंच होतंय म्हणाली. दर मंगळवारी ती आमच्याकडे येणार आहे.

म्हणून आई इथे महिनाभर आणखी राहील म्हणते. तुझी परवानगी हवी. नाही म्हणालीस तर तिला लगेच पाठवते.

माया आहे तशी राहू दे.
तुझी
खारू


२ जून

चि. खारूस आणि चि. खारूच्या आईस,
दोघींना मिळून एकच आशीर्वाद, भांडून वाटून घ्या.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अकरापाशी आले आणि गिऱ्हाईक उभं असताना नाक शिंकरत बसले. म्हणून उत्तराला उशीर.

राहू दे तिला. मला काही अडत नाही. जेवण शेजारून येतं, पत्र दुकानातून जातं. बोट बरं होईल का, पुन्हा पुढे बसशील का, हे मी विचारत नाही. तुम्हालाच माहीत नाही तर मला काय सांगणार.

चार वाजता पोरं अजून येऊन दार वाजवतात. मी त्यांना सांगते, की बाई मोठ्या मुलांच्या शिकवणीला गेल्यात, त्यांचं जरा कच्चं राहिलं होतं.

सावकाश होऊ द्या. इथला लोभ घाईत नाही.
तुमची आजी, तुमची आई