सी-एचचा आठवडा

प्रिय अगं,

पत्रावर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. बेचाळीस वर्षं तुला 'अगं' म्हणत आलो. आता एकदम नाव लिहिलं तर तूच घाबरशील, यांना झालंय तरी काय म्हणून. काही झालेलं नाही. रक्तदाब जरा वर आहे, तो नेहमीचाच. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि सगळं घर ऐकतं, म्हणून हे पत्र. एकटीच वाच.

परवा मुलानं सांगितलं, बाळ लहान आहे, आई अजून वर्षभर इथंच राहील. मी म्हटलं, खुशाल राहू दे. फोन ठेवून मशीनवर बसलो आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले.

तुला सांगितलं नव्हतं, पण तीन महिने झाले, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे मी इंग्रजी शिकतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत आणि त्यांचा धीर दुसरीपर्यंत, त्यामुळे रोज खटके उडतात. हा आठवडा सी-एचनं सुरू होणाऱ्या शब्दांचा. चेअर म्हणजे खुर्ची, चाइल्ड म्हणजे मूल, चिन म्हणजे हनुवटी. मला वाटलं, जमलं! सी-एच दिसला की 'च' म्हणायचं. त्याच हिमतीवर औषधांच्या दुकानाची पाटी मोठ्यानं वाचली, 'चेमिस्ट'. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "शिंपीबुवा, केमिस्ट!" मग आला शेफ. शेफ म्हणजे मोठा आचारी, आणि त्याचा म्हणे 'श'. मी विचारलं, अहो, अक्षरं तीच, मग ओळखायचं कसं? "ओळखायचं नाही, पाठ करायचं." मी म्हटलं, एकाच मापाचे तीन सदरे मी असे तीन तऱ्हेचे शिवले असते तर लोकांनी दुकान पेटवलं असतं. "दुकान नंतर पेटवा, आधी पुढचा शब्द वाचा." पुढचा होता क्रॉनिक. म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारं दुखणं. वहीत अर्थ लिहिला आणि तेव्हापासून गुडघा जास्तच ठणकतोय.

आता मुद्द्याचं. तू निघालीस तेव्हा मुलगा किती विनवत होता, बाबा, तुम्हीही चला. मीच ताठ्यात म्हणालो, ज्या परदेशात मला साधा रस्ता विचारता येत नाही तिथं मी येणार नाही. आता रस्ता विचारता येतो, तर मलाच कोणी विचारत नाही. त्याला पुन्हा एकदा विचारायला सांग. मी सांगितलंय असं मात्र म्हणू नकोस. पहिल्यांदा मी नाहीच म्हणेन. दुसऱ्यांदा म्हणेन, दुकान कोण बघणार. तेवढ्यावर त्यानं फोन ठेवू नये, एवढं बघ. तिसऱ्यांदा मी थोडा वेळ गप्प बसेन. तेव्हा तिकीट काढून टाका.

नाही नाही म्हणणारा,
तुझाच