चारा पोचला

मंद्रूप,
ज्येष्ठ, १९७३

प्रिय तम्मा,

तुझं कार्ड बाजारादिवशी मिळालं. खुशाली, पुण्यातला उकाडा, आणि शेवटी, 'अकलूजचा चारा मंद्रूपला पोचला का, एका ओळीत कळव, साहेबांना सांगायचं आहे.' एका ओळीत म्हणे! लहानपणी विहिरीवरून घागर आणलीस तरी वाटेत कोण भेटलं, कुणाची म्हैस कुठं घुसली, सगळं सांगितल्याशिवाय तुझा घास उतरायचा नाही. पुण्यानं तुला चांगलंच वळण लावलेलं दिसतंय. तुझी अक्का सातवी शिकलेली, तिला एका ओळीत जमत नाही. तेव्हा हे ऑफिसात उघडू नकोस, घरी निवांत बसून वाच.

बाकी घर तसंच आहे. तुझी भाची गौरम्मा दगड फोडायच्या कामावर जाते, हाताला फोड आले तरी ऐकत नाही, लग्नाची मुलगी म्हणून आता बोलायची सोय राहिली नाही. कामावर खायला सुकडी मिळते ती बरी असते. गावातल्या विहिरींनी तळ दाखवला तेव्हा टँकर यायचा, त्याच्यामागे आम्ही बायका घागरी घेऊन पळायचो. मी पळताना कशी दिसत असेन याची कल्पना कर आणि हस. तुझे दाजी मात्र हल्ली हसत नाहीत. घरात असतात, जेवतात, विचारलं तर बोलतात. पण गोठ्याकडे तोंड करून बसतात आणि मी चहा घेऊन गेले की उगीच दचकतात.

तुला दिवाळी आठवते ना? तू जीपमधून आलास, आणि दुष्काळात कुठला माल कुठल्या गाडीनं न्यायचा हे ठरवणाऱ्या ऑफिसातले साहेब म्हणजे तूच, आपले शिवयोगी, म्हणून अर्धं गाव अंगणात जमलं. बाजेवर तू नकाशा पसरलास. तांबड्या पेन्सिलीनं अकलूज ते मंद्रूप रेघ ओढलीस. उसाच्या पट्ट्यातलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ट्रकनं इकडं येईल, जनावरानं चाऱ्याकडे जायचं नाही, चारा जनावराकडे येईल, असं तू समजावून सांगितलंस. सगळी गावं जनावरं घेऊन निघाली तर रस्ते तुंबतील, रोग पसरेल, चारा पायाखालीच जाईल. मला ते पटलं होतं. आजही कागदावर त्यात खोट काढता येत नाही, याचाच मला राग येतो.

त्या वेळी आपले बैल पाखऱ्या आणि हौश्या अंगानं बरे होते. सोलापूरच्या मालधक्क्यावरून किराणा, सिमेंट, खताची पोती मंद्रूपच्या पेठेत आणून टाकायची, एवढंच तुझ्या दाजींना आयुष्यात येतं, आणि ते त्या जोडीच्या जिवावर. ते म्हणाले, गाडी जुंपतो, अकलूजला जातो, गावाला पुरेल एवढं वाढं आपणच घेऊन येतो. तू सांगितलंस, चारा परवान्याच्या ट्रकमधूनच हलवायचा असा हुकूम आहे, वाटेत अडवतील. मग ते म्हणाले, निदान जोडी घेऊन तिकडंच राहतो. तेव्हा मी मध्ये पडले. माझा भाऊ सांगतोय ना, मी म्हणाले. त्यांनी तुला एवढंच विचारलं, "आन् ट्रक न्हाय आला तर?" आणि तू हसून म्हणालास, दाजी, ही सरकारची योजना आहे, तुमची बैलगाडी नव्हे. सगळे हसले. तेसुद्धा हसले.

हसला नाही तो बिरप्पा. "मला नकाशा कळत न्हाय सायेब, मी जातो," म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी पोराबाळांसकट जनावरं हाकत अकलूजकडे गेला. गावानं त्याला वेड्यात काढलं. आता तो परत आलाय. जनावरांची हाडं दिसतात, पण ती चालत आलीत. मला पाहून मान खाली घालतो, जणू त्याचंच काही चुकलं.

त्यानंतर तुझी कार्डं येत गेली. ट्रक धान्याला लागलेत, पुढच्या आठवड्यात. टायर नाहीत, पुढच्या आठवड्यात. मी प्रत्येक कार्ड मोठ्यानं वाचून दाखवायची आणि हे "बरं" म्हणायचे. कडबा संपला, तेव्हा छपरावरचं जुनं पाचट काढून घातलं. कॉलेजच्या सुट्टीत तू बांबूच्या नळ्यानं दूध पाजून जगवलेला हौश्या, तो माझ्या पदराचं टोक चघळायला लागला. मी पदर सोडून दिला. शेवटी शिमग्याच्या सुमाराला यांनी मला न विचारता गाडी जुंपली. मी अडवलं नाही, पण तोवर फार उशीर झाला होता.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. यांनी एकदाच सांगितलं, तेवढंच मला ठाऊक. मोहोळच्या अलीकडे पाखऱ्या पडला तो उठलाच नाही. गाडी तिथंच एका ओळखीच्या दारात सोडून हे हौश्याला दाव्याला धरून चालत निघाले. वेळापूरच्या पुढे दोन्हीकडे हिरवा ऊस दिसायला लागला, आणि तिथं हौश्या रस्त्याच्या कडेला बसला. तेवढ्यात समोरून ट्रक आला. ताडपत्रीखालून वाढं लोंबत होतं. यांनी आडवं होऊन तो थांबवला, कुठं निघाला विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, मंद्रूपला.

"मंद्रूप आमचंच हाय की," हे म्हणाले. "ह्यो बैल मंद्रूपचाच हाय. ह्याच्यासाठीच निघालाय तुमी. एक पेंढी द्या."

तो म्हणाला, तितंच घ्या, हितं उतरवायचा हुकूम न्हाय. अकलूजला वजन झालंय, मंद्रूपला परत होणार, कमी भरलं तर माझी नोकरी जाईल. तम्मा, तो माणूस वाईट नव्हता. बोलता बोलता त्यानं लोंबणारं वाढं मूठभर ओढून यांच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून गाडी चालू केली. यांनी ते हौश्याच्या तोंडाशी धरलं. त्यानं वास घेतला. तोंड उघडायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

तो ट्रक संध्याकाळी मंद्रूपला आला. मला काय माहीत! मी आनंदानं रडले. देवापुढं दिवा लावला, शेजारणींना ओरडून सांगितलं की बघा, माझा भाऊ बोलला ते खरं झालं. आमच्या वाट्याचं वाढं मी स्वतः डोक्यावर वाहून गोठ्यात नीट रचलं. जोडी दमून येईल म्हणून हौदात पाणीसुद्धा भरून ठेवलं. चार-पाच दिवसांनी हे आले, ते एकटे, खांद्यावर जू घेऊन. गोठ्याच्या दारात उभे राहून त्यांनी तो ढीग पाहिला आणि म्हणाले, "आला व्हय."

तेव्हा तुझ्या साहेबांना सांग, चारा पोचला. वजनातही मूठभरच कमी भरला असेल. हे मला रोज म्हणतात, एवढंच लिही, पोराच्या जिवाला लागेल, आणि कारहुणवीला, बैलांच्या सणाला, नेहमीसारखं बोलाव. मी हे सगळं लिहिते आहे ते त्यांना ठाऊक नाही. पण कार्डाच्या कोपऱ्यात तू बारीक अक्षरात लिहिलंस ना, की यंदा हौश्याची झूल पुण्याहूनच आणतो, शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग मीच लावणार, ते वाचल्यापासून माझ्या हाताला चैन नाही. मी तुझ्यावर रागावले आहे आणि तू माझा तम्मा आहेस, दोन्ही खरं आहे. तू आलास तर हे तुला पाट मांडून देतील, पोळीवर तूप वाढायला सांगतील, एक शब्द बोलणार नाहीत, आणि ते मला बघवणार नाही. झूल घेतली असलीस तर परत कर. यंदा येऊ नकोस. पुढल्या वर्षाचं मला आज काही सांगता येत नाही. वाढं गोठ्यात तसंच आहे, वाळून पिवळं पडलंय. हे रोज सकाळी त्यातलं थोडं काढून गव्हाणीत टाकतात.

तुझीच,
रत्नम्मा अक्का