कमरेवर की हातांवर

१२ जाने., सोम.
पुन्हा तेच. डोकं फिरलंय नुसतं. सरांचं म्हणणं, पेशी विभागताना आपलं मोटर प्रोटीन क्रोमोसोमच्या कमरेवरच बसतं, मधोमध. मी प्रोटीन रंगवून काढलेल्या फोटोंत ते कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हातांवरही दिसतं, पार टोकापर्यंत. म्हणे, "तुझं स्टेनिंग घाण आहे." चौथ्यांदा ऐकलं हे. चार वर्षं या लॅबमध्ये काढली, आणि मला स्टेनिंग येत नाही?

१४, बुध.
सरांची पीएचडीच्या वेळची वही कपाटातून काढली. त्यात पेशी आधी डिटर्जंटने धुतल्यात, मग फिक्स केल्यात, म्हणजे रसायनाने जागच्या जागी गोठवल्यात. मी आधी फिक्स करते. एवढाच फरक! आज दोन्ही पद्धती एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या पेशींवर. धुतलेल्या: फक्त कंबर. न धुतलेल्या: कंबर आणि हात. डिसेंबरात जिवंत पेशींत पाहिलं तेव्हाही हात होतेच. म्हणजे हातांवरचं सैल प्रोटीन सरांनी स्वतःच धुऊन टाकलं, आणि 'तिथे नसतं' असा पेपर लिहिला. वर मी घाण.

१६, शुक्र.
सरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. कळलं त्यांना, चेहऱ्यावर दिसलं. मग एकदम गोड आवाजात, "न धुतलेले बाजूला ठेव. उगाच गोंधळ होतो." नवा पेपर येत्या बुधवारी पाठवायचा, पहिलं नाव माझं. पेपर नाही तर थिसिस नाही.
मी काय म्हणाले? "बरं सर."
स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटतेय.

१८, रवि.
चर्चमध्ये मिस्सात लक्ष नव्हतं. पाचूबंदरला मम्मी बोंबील वाळत घालत होती, तिथेच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नाव तुझंच पयलं हाय ना? मग सही कर नि मोकळी हो. एवढं बारीक कोन बगतंय?"
माझा भडका उडाला. शिळा मासा ताजा म्हणून विक म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला हिनेच भर बाजारात झापलं होतं. ते बोलून दाखवलं. हात न थांबवता म्हणाली, "मग त्यानं वरीसभर मला माल दिला नाय. ते इसरलीस?"
विसरले होते. खरंच विसरले होते.

२०, मंगळ.
माणिकपूरला रिक्षाच्या रांगेत उभ्याउभ्या सरांना मेल केला. दोन्ही फोटो छापा, नाहीतर माझं नाव काढा. राग होता, भीतीही होती, खोटं कशाला लिहू.
उत्तर नाही.

२१, बुध.
पेपर गेला की नाही, कोणी सांगत नाही. सर समोरून गेले, बघितलंही नाही. मायक्रोस्कोपच्या वेळा लिहायच्या तक्त्यावर माझे गुरुवार-शुक्रवार खोडलेत. अक्षर त्यांचंच. पुढच्या आठवड्यातही माझं नाव नाही.
न धुतलेल्या बारा स्लाइड फ्रिजमध्ये आहेत. अजून नीट फोटो घ्यायचेत. रंग फार तर महिनाभर टिकतो.