थंड खोलीतून तुमचं बाहेर येणं

तीर्थरूप मामांस,

भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, मामीचा रक्तदाब आणि तुम्हा दोघांची भांडणं आटोक्यात असतील अशी आशा करते. मी बरी आहे. तुम्ही मात्र सोमवारपासून आमच्या गोदामाच्या थंड खोलीत आहात. घाबरू नका, आधी पुरतं वाचा.

तुम्ही निवृत्त झालात आणि तुमच्या शब्दावर त्याच औषधांच्या गोदामात मला संगणकाचं काम मिळालं. घराण्यातली पहिली पदवीधर, म्हणून मी जरा तत्त्वाने कामाला बसले. पीएचपी या संगणकाच्या भाषेचा स्वभाव असा, की प्रत्येक पान नव्याने जन्मतं, आपलं काम करतं आणि सगळं विसरून मरतं. पुढच्या पानाला तुम्ही कोण, पत्ता नसतो. मला हे फार निष्ठुर वाटलं. हमाल असो की मालक, माणसाला दर दाराशी आपली ओळख पुन्हा का द्यावी लागावी? म्हणून लॉगिन केलेल्याची माहिती मी सगळ्या पानांना दिसेल अशा जागी ठेवली. चूक एवढीच, की ज्याची ओळख त्याच्या सेशनमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कप्प्यात, ठेवायची सोडून मी सगळ्यांना मिळून एकच जागा केली. (शेवटी आला, त्याचं नाव सगळ्यांना चिकटलं.) तपासताना मी एकटीच होते, त्यामुळे जिकडे तिकडे मीच दिसे आणि मला धन्य वाटे.

सोमवारी सगळे कामाला लागले, आणि चहाच्या सुमारास प्रत्येक पडद्यावर एकदम उमटलं: नमस्कार, आणि पुढे तुमचं नाव. हिशेबाच्या बाई सवयीने उठून उभ्या राहिल्या. काटेवाल्याला तुमच्या बामाचा वास आला. (मलाही आला, पण मी पदवीधर असल्याने बोलले नाही.) त्याच वेळी काटेवाला थंड खोलीत गेला, म्हणजे आत-बाहेरची नोंद ठेवणाऱ्या दाराच्या पडद्यावर तुम्ही आत गेलात. तो बाहेर येईतो मालकांनी लॉगिन केलं होतं, म्हणून पडद्यावर बाहेर आले ते मालक. तुम्ही आतच.

आता नियम तुमचाच. स्वतः एकदा आत कोंडले गेल्यावर तुम्ही सांगून ठेवलंत, की फळ्यावर नाव ‘आत’ असेल तोवर दार लावायचं नाही. फळ्याच्या जागी पडदा आला, नियम राहिला. पहारेकरीकाकांनी दाराला पाचर मारून फट ठेवली. तेव्हापासून बोळात पांढरी वाफ सरपटते. काका फटीशी तोंड नेऊन म्हणतात, “साहेब, चला आता,” आणि कान देतात. काल मला म्हणाले, “येतो म्हणालेत.”

मी चूक दुरुस्त केली. आता ज्याचं नाव त्यालाच दिसतं. दाराचा पडदाही म्हणतो: आत कोणी नाही. काकांनी तो वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. “ताई, नाव पुसलंत. माणूस कुठाय? बाहेर येताना मी नाही पाहिला.” मालकांनी स्वतः दार ओढलं, तर आतून कुणी धरावं तसं ते अडलं. (पाचर होती, मामा. बहुधा.) मग खात्री करायला मी आत गेले. खोक्यांच्या रांगा, माझाच श्वास धुरासारखा. उगाच म्हटलं, “मामा?” पंखा तेवढा थांबला.

गारवा असाच गळत राहिला तर औषधं नासतील. मालकांनी सांगितलंय, शनिवारपर्यंत दार लागलं नाही तर नोकरी पक्की होणं विसरा.

तुमची,
भाची

ता. क. त्या दिवशी तुमच्या नावाने लॉगिन कुठून झालं ते सापडलं: तुमच्याच घरून. मामी म्हणाली, तुम्ही रोज चहा घेऊन पडद्यासमोर बसता, नमस्कार वाचता आणि बंद करता. खातं बंद करा असा मालकांचा हुकूम आहे. मी अजून केलेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय करणारही नाही.

आणखी एक. खरं तर पत्र एवढ्याचसाठी. उद्याच या. काकांच्या देखत थंड खोलीत जा आणि त्यांना दिसेल असे बाहेर या, म्हणजे ते दार लावतील. स्वेटर आणा. आणि मामा, आत एकटे जाल, तसे बाहेरही एकटेच या. काका मोजणार आहेत.