अड्यारच्या घरातला माझा वाटा

१ जून, रविवार

माधव कागद ठेवून गेला. पंख्यानं उडू नयेत म्हणून मी त्यावर इडलीचं भांडं ठेवलं, तर म्हणतो, "अम्मा, डाग पडेल." म्हटलं, नुसता मसुदाच आहे ना? तरी उचलून कोरड्या जागी ठेवले त्यानं. बापाची शिस्त.

वीस तारखेला, शुक्रवारी, रजिस्ट्रारकडे जायचं आहे. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. या घराचे वारस आम्ही तिघं. मी, माधव, माझी मुलगी सुधा. तिसरा तिसरा भाग. मी आणि सुधानं आपापला भाग माधवला सोडून द्यायचा, म्हणजे बिल्डरला एकाच माणसाशी बोलावं लागेल. घर पाडणार, चार मजले उठणार, दोन फ्लॅट आपल्याला. आपल्याला म्हणजे त्याला.

"आणि मी?"

"बांधकाम होईपर्यंत आमच्याकडे पेरुंगुडीला, मग इथं आमच्याबरोबर. विचारायचं काय त्यात?"

खरंच, विचारायचं काय. पोरगा वाईट नाही. दर रविवारी येतो, गुडघ्याच्या गोळ्या न सांगता आणतो. तरी दुसरी इडली तशीच झाकून ठेवली.

३ जून

मसुदा तमिळमध्ये आहे. कऱ्हाडहून एकोणिसाव्या वर्षी इथं आले तेव्हा एक अक्षर येत नव्हतं. बसच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचून शिकले. कोर्टाच्या तमिळला बोट ठेवून ठेवून जावं लागतं. एका पानाला अख्खी दुपार.

"शुद्धीवर असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण मनानं." तीनदा आलंय हे. माझ्या मनाचं लिहिणाऱ्याला केवढं ठाऊक!

माधवला फोन केला. "सगळं वाचलंस? अम्मा, वकिलांनीसुद्धा वाचलं नसेल." हसला. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र तेच पान पुन्हा काढून बसले.

५ जून

वकीलबाईंनी घराचे जुने कागद मागितलेत. (माधवच्या ओळखीच्या, तमिळ, मला मामी म्हणतात. पुढं व.बा.) लोखंडी कपाट उघडलं. ह्यांची गाठोडी धोतराच्या काठानं बांधलेली, एकेक सोडवताना जीव कासावीस.

तळाशी एक जुना स्टॅम्प कागद, वर इंग्रज राजाचं डोकं. खाली काळा अंगठा. त्याच्याशेजारी टंकलेलं नाव: लक्ष्मीबाई अम्माळ.

काकू! सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. ऐन पंचविशीत विधवा झालेली, मूलबाळ नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या खोलीत राहायची. तंजावरकडचं जुनं मराठी बोलायची, मला निम्मं कळायचं नाही, आणि माझं ऐकून ती तोंडाला पदर लावून हसायची. कागद इंग्रजीत आहे. काय आहे ते कळत नाही. रविवारी व.बा.ंना दाखवीन.

८ जून, रवि.

गेलो होतो व.बा.ंकडे, मी नि माधव. जसं आठवतंय तसं लिहिते, नाही तर डोक्यातून जाईल.

हे घर दोघा भावांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं होतं. थोरले गेले, त्यांचं अर्धं काकूकडे आलं. ते तिनं या कागदानं माझ्या सासऱ्यांना सोडून दिलं. म्हणून घर अखंड आमच्याकडे. मला चोपन्न वर्षांत हे कुणी सांगितलं नाही.

व.बा. म्हणाल्या, "मामी, तेव्हाच्या कायद्यात विधवेला नवऱ्याचा भाग ती जिवंत असेपर्यंतच. मधेच सोडायचा तर सगळाच सोडायचा. सोडला की कायदा असं धरायचा की बाई त्या दिवशी वारली. मग पुढचा वारस लगेच मालक."

"पण ती तर होती की! अकरा वर्षं माझ्याबरोबर शेवग्याच्या शेंगा सोलत होती."

"कायद्याला शेंगा दिसत नाहीत, मामी."

माधव हसला. मला नाही आलं हसू.

बदल्यात तिला काय? मागची खोली आणि दोन वेळचं जेवण, मरेपर्यंत. तेवढं लिहिलेलं आहे.

व.बा. कागद घडी करता करता म्हणाल्या, "दहाएक वर्षं थांबल्या असत्या तर नवा कायदा आला होता. पूर्ण मालकीण झाल्या असत्या. तुमचं तसं नाही हं. तुमचा भाग तुमचाच. द्यायचा तर द्या, नाही तर ठेवा."

माधव मोबाइलमध्ये बघायला लागला.

९ जून

सकाळपासून काकूच डोक्यात. लग्नाला महिना झाला नव्हता. मी मागच्या पायरीवर तांदूळ निवडत होते. काकू आली, उभी राहिली, "चार पानं कढीलिंब तोडू का ग?" मी म्हटलं, "तोडा की काकू, मला कशाला विचारता?" आतून सासूबाईंनी हाक मारली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विचारलं की हो म्हणायचं. विचारू नका असं म्हणायचं नाही."

ते झाड काकूनंच लावलेलं. हे मला नंतर ह्यांनी सांगितलं.

सासूबाई म्हणायच्या, तिनं आनंदानं दिलं हो सगळं. काकूला कुणी विचारलं असेल का? मी तरी कुठं विचारलं.

११ जून

आज माझं शहाणपण. व.बा.ंना फोन करून म्हटलं, माझ्या कागदातही काकूसारखं एक वाक्य घाला, मागची खोली मला राहील म्हणून.

त्या म्हणाल्या, "मामी, मागची खोली तर पाडणार ना?"

एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही! बाहत्तर वर्षांची झाले नि पाडलेल्या घरातली खोली मागतेय. मग म्हणाल्या, राहण्याचा हक्क हवा तर तो निराळा दस्त, माधवनं करून द्यायचा. मी सांगते त्यांना.

नको, नको म्हणेपर्यंत फोन ठेवला त्यांनी.

१२ जून

माधवचा फोन. आवाज बारीक. "अम्मा, तू माझ्याकडून लिहून घेणार?"

काय बोलू? लिहून मागितलं तर पोरावर विश्वास नाही. नाही मागितलं तर... म्हटलं, अरे मी आपलं सहज. "सहज कुणी वकिलाला फोन करतं का?" म्हणाला. बरोबरच आहे त्याचं.

रस्सम सलग दोन दिवस खारट.

१४ जून, शनि.

सुधा आली. गुम्मिडिपूंडीहून गाडी, मग बस, घामानं भिजून चिंब. कैऱ्या आणल्या पिशवीभर. जावई तिथं कारखान्यात आहेत, कारखान्याचंच क्वार्टर.

जेवण झाल्यावर बघते तर ही ओढणी घेऊन लोखंडी कपाट मोजतेय.

"काय ग?"

"हे कुणी नेणार नसेल तर मला दे. नव्या घरात भिंतीतली कपाटं नाहीत."

"कुठलं नवं घर?"

जीभ चावली तिनं. मग हळूहळू निघालं. जावई एप्रिलला रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार, भाड्याची दोन घरं बघून झाली. आम्हाला कुणाला पत्ता नाही. "सांगून काय करायचं अम्मा, तू काळजी करत बसशील."

"तुझा भाग आहे या घरात. तो हवाय का तुला?"

"तू सही करणार ना?"

"मी तुला विचारतेय."

"तू केलीस की मी करणार. तू आई असून देणार नि मी मुलगी असून मागू? कसं दिसेल ते?"

"आणि मी नाही केली तर?"

"भांडण नको ग. मला दिवाळीला इथं यायचंय."

"दिवाळीला इथं लिफ्ट असेल."

"मग लिफ्टनं येईन!"

दोघी हसलो. मग ती उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच होती ती.

१५ जून, रवि.

माधव आला नाही, ऑफिसचं काम म्हणे. बरंच झालं.

इतके दिवस वाटत होतं प्रश्न माझा आहे. माझं काय, एक कॉट नि एक खिडकी. पण माझ्या सहीखाली तिची सही येणार. मी हो म्हटलं की तिच्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली माझ्याच हातानं फिरवलेली. माधवच्या ते ध्यानातही नाही. त्याला वाटतं दोघी राजीखुशीनं देताहेत.

बरं, नाही म्हणावं तर बिल्डर जाईल, माधवचे वर्षभराचे कष्ट पाण्यात. घराचं छत दोन ठिकाणी पोपडे टाकतंय. तेही खोटं नाही.

१८ जून, बुध.

मा. आला, मधल्या वारी, ऑफिसातून परस्पर. जाईचा गजरा आणला. फ्लॅटचा नकाशा मांडला टेबलावर. "ही बघ, ही तुझी खोली."

मी चष्मा लावला. इंग्रजी मोठी अक्षरं मला लागतात, जरा वेळ घेऊन. वाचलं. "स्टोअर."

"ते नुसतं नाव आहे अम्मा. खिडकी काढून घेऊ."

"बरं," म्हटलं. "आणि सुधाची?"

"सुधाची कसली?"

"खोली."

"अम्मा, तिला काही नकोय. तिनंच सांगितलंय."

"तू विचारलंस कधी तिला?"

"विचारायचं काय त्यात! लहानपणापासून असंच आहे तिचं. जिलबीसुद्धा मला द्यायची."

क्वार्टरचं सांगणार होते. पण सु.नं शपथ घातलीय. उठून कॉफी दिली. तो म्हणाला, साखर विसरलीस.

१९ जून

उद्या. माझं आधार कार्ड, दोन फोटो, चष्मा, सगळं पिशवीत भरून ठेवलं. तीनदा काढून पुन्हा भरलं. कुठली साडी नेसावी हेही ठरेना. लग्नाला निघाल्यासारखी कपाटापुढं उभी.

व.बा.ंना फोन केला. "मामी, उद्या ऑफिसर विचारतील, संमती आहे का. हो म्हणायचं. एवढंच."

"आणि खरं सांगायचं असेल तर?"

त्या म्हणाल्या, "मामी, मी माधवची वकील आहे. पण विचारतात ते खरं सांगावं म्हणूनच."

२० जून, शुक्र.

आल्या आल्या लिहायला बसले.

टोकन मिळालं. बाकावर डावीकडे माधव, उजवीकडे सुधा, मधे मी पिशवी धरून. समोर एक नवरा-नवरी हार घालून बसलेले, त्यांचीही नोंदणी तिथंच. आत गेलो. ऑफिसर मुलगी तरुण, कपाळाला चंदन. कागद चाळून माझ्याकडे बघून म्हणाली, "सम्मदमा, पाट्टी?" संमती आहे ना, आजी.

मी म्हटलं, "माझ्या मुलीला आधी विचारा. मला बाहेर पाठवून."

"पाट्टी, तुमचं नाव पहिलं आहे."

"म्हणूनच."

तिला कळलं नाही. की कळलं? एकदा सुधाकडे बघितलं तिनं. "हो की नाही, पाट्टी? बाहेर माणसं खोळंबलीत."

"आज नाही," म्हटलं.

कुठून आलं तोंडात कोण जाणे. माधव कागद गोळा करायला लागला. चिडली ती सुधा; माधव तिचा अण्णा, थोरला भाऊ. बाहेर येऊन माझा दंड धरून, "अम्मा, हे काय केलंस! चारचौघांत अण्णाला खाली बघायला लावलंस! मी कुणाकडे काही मागितलं होतं का?" डोळ्यांत पाणी. मी आई नसून दुसरीच कुणी असल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती.

रिक्षात तिघं चिकटून. रिक्षावाला आरशातून मजेत विचारतो, "कुणाचं लग्न होतं?"

माधव म्हणाला, "नाही जमलं."

मला हसू आलं. या वयात, त्या वेळी! कुणी बघितलं नसावं. सुधा स्टेशनपाशी उतरून गेली, घरी आलीच नाही.

२२ जून, रवि.

माधव आला नाही. सुधाचा फोन नाही. मी केला नाही.

जे केलं ते बरोबर केलं असं सकाळी वाटतं, जेवायला बसलं की वाटत नाही. दोन मुलं, दोघंही रुसलेली, आणि मी एकटी या पोपड्यांखाली. कुणासाठी केलं म्हणायचं? तिलाही नको, त्यालाही नको. व.बा. म्हणाल्या टोकन पुढच्या शुक्रवारचं मिळेल, तोवर कळवा.

दोडक्याची भाजी तिघांची झाली सवयीनं.

२४ जून, मंगळ.

दुपारी सुधाचा फोन.

"अण्णाचा फोन आला होता."

"काय म्हणाला?"

"विचारत होता, तुला काय हवंय म्हणून." मागं कुकरची शिट्टी वाजली तिच्याकडे. "अम्मा, त्यानं मला असं कधी विचारलं नव्हतं. मला काही सुचलंच नाही."

"मग?"

"म्हटलं, उद्या सांगते."

"जावयांना विचारलंस?"

"त्यांना कशाला? मला विचारलंय ना." आणि एकदम, "अम्मा, तू सांग, काय म्हणू?"

ओठांवर आलं होतं. क्वार्टर, भाड्याचं घर, तिसरा भाग, सगळं. गिळलं. "मी नाही सांगणार," म्हटलं.

"भारीच आहेस," म्हणाली. फोन ठेवला.

आता उद्यापर्यंत थांबायचं. ती मागेल तर माधव देईल का, ही काळजी आहेच. त्याहून मोठी ही की फोन उचलून म्हणेल, "काही नको अण्णा, तुझंच आहे सगळं," अगदी हसत, पूर्ण मनानं. तसं म्हणायला तिला मी शिकवलंय. जिलबीच्या वेळी शाबासकी मीच दिली होती.