अकरा मुख्याध्यापकांची टाकी

लिहून ठेवणार: रघुनाथ विष्णु गुप्ते, वय वर्षे ७३, निवृत्त विज्ञान शिक्षक, मूळ गाव रोहा, हल्ली राहणार पेण, जिल्हा रायगड.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे की, येत्या २७ नोव्हेंबरला पनवेलच्या इस्पितळात माझी बायपास शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण ते तीनदा म्हणाले, म्हणून मी लिहायला बसलो. माझी बुद्धी शाबूत आहे, मी कसल्याही नशेत नाही आणि कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. बुद्धीबाबत माझी पत्नी सौ. वृंदा हिचे मत वेगळे आहे. मात्र ते लग्नापासूनच वेगळे असल्याने इथे ग्राह्य धरू नये.

१. राहते घर, बँकेतली ठेव आणि रोह्याच्या जमिनीतला माझा हिस्सा वृंदाला मिळावा व तिच्या पश्चात आमचा मुलगा पुष्कर याला. यात कोणाचा वाद नाही, म्हणून एका कलमात उरकले. खरा प्रश्न गच्चीचा आहे.

२. गच्चीत हजार लिटरची टाकी आहे व तिच्यात चिलापी मासे आहेत. माशांनी घाण केलेले पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढते, तिथे भाजीची मुळे त्यातले खत शोषून घेतात आणि स्वच्छ पाणी परत टाकीत पडते. याला ॲक्वापोनिक्स म्हणतात. वृंदा याला 'ह्यांचं ते वरचं' म्हणते. सध्या वाफ्यात फ्लॉवरची चोवीस आणि नवलकोलाची बारा रोपे आहेत, कडेने पालक आहे. गड्डे धरायला जानेवारी उजाडेल. पंप काही तास बंद राहिला तर मासे गुदमरतात, आणि मासे गेले की फ्लॉवर उपाशी राहतो. तेव्हा माझ्यामागे ही टाकी कोण सांभाळणार, एवढीच मला चिंता आहे. मरणाची त्या मानाने कमी आहे. वृंदाचे गुडघे गच्चीचा जिना चढू देत नाहीत, म्हणून तिला हा भार देता येत नाही.

३. गडबची मालू गेली वीस वर्षे आमच्या दारात वालाच्या शेंगा आणते. टाकी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती वृंदाला म्हणाली, "बाय गो, मास्तर माशाच्या मुतावर भाजी लावतात काय? आमच्या वालाला नुसता दव पुरतो." मी तिला नायट्रोजनचे चक्र समजावले. तिने ऐकून घेतले आणि शेंगांचा भाव वाढवला. पुढे एका वर्षी थंडी पडेना, म्हणून फ्लॉवरला आपण महाबळेश्वरात आहोत असे वाटावे या हेतूने मी टाकीत बर्फाच्या लाद्या सोडल्या. फ्लॉवरला काही वाटले नाही. माशांनी मात्र चार दिवस अन्न सोडले. मालू म्हणाली, "मास्तर, जित्त्या मासल्यांना बरफ कशाला?" तिचे बरोबर होते, हे मी इथे लेखी देतो. माझी पितळी झारी, दोन्ही विळे आणि रोपांची चाळणी मालूला द्यावी. टाकीही तिलाच देणार होतो, पण तिने प्रामाणिकपणे नकार दिला. म्हणाली, "नको. घरी नेईसतोवर कालवण व्हईल."

४. पुष्कर डोलवीला कंपनीत शिफ्टमध्ये असतो. मुलगा गुणी आहे, बापाला उलट बोलत नाही. पण चार दिवस मासे त्याच्यावर सोपवले तर त्याने दिवसाला सहा वेळा खाणे घातले व पाण्याची पेज करून ठेवली. टाकीच्या जागी सोलर बसवू, असेही तो अधूनमधून सुचवतो. त्याला माझी स्कूटर, सूक्ष्मदर्शक आणि भाजी प्रदर्शनातले उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र द्यावे. पहिला नंबर ज्या फ्लॉवरला मिळाला तो बाजारातून आणलेला होता. पुरावा माझ्याजवळ नाही, खात्री आहे.

५. आता माझा लहान भाऊ कमळाकर, राहणार रोहा. जानेवारी २०१९ मध्ये आम्ही परसात पोपटी लावायचे ठरवले. थंडीत आमच्याकडे मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरतात, तोंडाशी भांबुर्डीचा पाला कोंबतात आणि मडके उपडे घालून भोवती जाळ करतात. कोंबडी आणायचे काम कमळाकरकडे होते. ती तो एसटीत विसरला. हे सांगायची हिंमत त्याला झाली नाही. मी पाला आणायला गेलो तेवढ्यात त्याने मडक्याची सोय केली. मडके उघडले, पाने मांडली, मी दोन मासे खाल्ले आणि विचारले, "कोंबडी कुठाय?"

"दादा, मासेच घातलेत. ताजे होते."

"कुठले?"

"वरचे."

टाकीत अकरा मासे होते. ज्या अकरा मुख्याध्यापकांच्या हाताखाली मी नोकरी केली त्यांची नावे मी त्यांना ठेवली होती. अकराही गेले. त्यातले मी खाल्ले ते दोघे कोण, हे मला आजवर कळलेले नाही. त्या वर्षीचा फ्लॉवर लिंबाएवढा होऊन थांबला. तेव्हापासून मी कमळाकरशी बोललेलो नाही. सबब त्याला टाकीच्या दहा फुटांच्या आत येऊ देऊ नये. मासे उत्तम झाले होते, हेही सत्याला धरून नमूद करतो.

६. वरील कलम मी काल वृंदाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "खोडा ते." कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की, ऑगस्टमध्ये मी तपासणीसाठी पनवेलला असताना एक दिवस सकाळपासून लाइट नव्हती आणि पंपाची बॅटरीही उतरली होती. पुष्कर शिफ्टला. तिने कमळाकरला फोन केला. तो मिळेल त्या एसटीने आला आणि अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत गच्चीत उभा राहून बादलीने टाकीतले पाणी उंचावरून टाकीतच ओतत राहिला, म्हणजे पाण्यात हवा जावी. एकही मासा दगावला नाही. जाताना तिला बजावून गेला, "वहिनी, दादाला सांगू नको. लाजेल बिचारा."

हे ऐकून मला रडू आले. कमळाकर अडुसष्ट वर्षांचा आहे आणि त्याच्या कमरेत पट्टा असतो. मी जवळजवळ सात वर्षे एका पोपटीसाठी माझा भाऊ टाकून दिला, हे माझे चुकले. तरी कलम ५ मधील शेवटून दुसरे वाक्य रद्द समजावे आणि टाकी, पंप, मासे व उभे पीक माझ्या पश्चात कमळाकरला द्यावे. तो मासे खाईल की ठेवील, हा त्याचा प्रश्न.

७. आज सहीसाठी त्याला बोलावले. तो आला, पिशवीत कपडे घेऊन आला. आमच्या वकील पूजाताई, ज्या सातवीत माझ्याच वर्गात होत्या, त्यांनी सगळी कलमे त्याला वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "काका, टाकी तुम्हाला मिळणार आहे. तेव्हा तुम्ही साक्षीदार नका होऊ. सही केलीत तर टाकीवरचा हक्क सोडला, असं मला लिहावं लागेल."

कमळाकरने पेन मागून घेतले आणि सही करून टाकली.

"काका, अहो, टाकी गेली तुमची."

"जाऊ दे. कपडे आजच ठेवून जातो. सव्वीसपासून मी इथेच राहतोय, दादा इस्पितळात हाय तोवर बघतो. रजेवरच्या मास्तरच्या जागी बदली. त्याच्यापुढं मला काय नको." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता तुझ्या टाकीला वारस नाय, दादा."

मी त्याला पुष्कळ समजावले. पूजाताईंनी कागद बदलून देते म्हटले. तो ऐकत नाही. दुसरा वारस माझ्या पाहण्यात नाही. सबब मला परत येणे भाग आहे.

स्थळ: पेण
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: रघुनाथ विष्णु गुप्ते (सही)

साक्षीदार:
१. काळुराम धर्मा पाटील, राहणार हमरापूर (सही)
२. कमळाकर विष्णु गुप्ते, राहणार रोहा, सव्वीसपासून पेण (सही)